वारा अडवणारी

घर बांधणारे पुष्कळ असतात आणि पाडणारे तर पैशाला पासरी मिळतात. पण कुणाच्याही घरात शिरल्याबरोबर आधी जमिनीवर आडवी होणारी बाई त्या शहरात एकच होती. लोक तिला गोधडीबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

तिचं काम साध्या शब्दांत सांगायचं तर जुन्या घरांना ऊब राखायला शिकवायचं. थंडीत घरातली ऊब भिंतींतून, छपरातून, खिडक्यांच्या कडांतून गुपचूप निघून जाते आणि माणसं दिवसभर हीटर लावून बसतात. गळक्या बादलीवर नळ सोडून बसण्यातलाच हा शहाणपणा. उन्हाळ्यात हेच सगळं उलट्या बाजूने. गोधडीबाई भिंतींना आतून लोकरीचा किंवा जुन्या वर्तमानपत्रांच्या लगद्याचा जाड थर द्यायची, छपराखाली तोच पसरायची, खिडक्यांना दुहेरी काचा लावायची आणि राहिलेल्या फटी शोधून शोधून बुजवायची. घराला गोधडी पांघरायची म्हणजे दुसरं काय करायचं असतं? तेव्हा नाव काही चुकीचं पडलं नव्हतं.

आता तिच्या झोपेबद्दल. नवं घर हातात घेतलं की पहिल्या दिवशी ती टेप काढायची नाही, यंत्र काढायची नाही. चटई काढायची. दुपार कलंडली, घरातली माणसं मंदावली की ती एकेका खोलीत चटई टाकून डोळे मिटून पडायची. पडल्या पडल्या घर तिच्या अंगाशी बोलायला लागे. डाव्या पोटरीवरून एक गार रेघ सरके, ती दाराखालची. कपाळावर मधूनच कुणी फुंकर घातल्यासारखं होई. तो छताचा सांधा. मग तिला अर्धवट झोप लागे आणि त्या झोपेत भिंती पातळ होऊन पडद्यासारख्या हलू लागत. कुठून ऊब बाहेर चालली आहे ते तिला दिसे, म्हणजे खरोखर दिसे. पिवळसर, संथ, पाण्यात सोडलेल्या रंगासारखी ती ऊब भिंतींतून पसरत अंगणात जाई आणि तिथे विरून जाई. जाग आली की ती खडू घेऊन भिंतीवर खुणा करायची. यंत्राची पाळी त्यानंतर. पुढच्या दाराच्या चौकटीत कापड ताणून ती एक भला मोठा पंखा बसवायची. पंखा घरातली हवा बाहेर खेचायला लागला की जिथे जिथे फट असेल तिथून वारा शिट्ट्या घालत आत यायचा. शिट्ट्या आणि खडूच्या खुणा बहुधा जुळायच्या.

"आमच्या वहिनी झोपायचेही पैसे घेतात," तिचा धाकटा दीर गिऱ्हाइकांना सांगायचा. तो गवंडी होता. तिचा नवरा लवकर गेला तेव्हा दोघांनी मिळून काढलेला हा धंदा आणि हा दीर, हे दोन्ही तिच्या एकटीच्या वाट्याला आलं, आणि दोन्हींची तिने तक्रार केली नाही. ती त्याला भाऊजी म्हणायची. भाऊजींचा हात सोन्याचा होता आणि जीभ मात्र कात्रीसारखी.

"आणि घोरायचे?" एखादं गिऱ्हाईक विचारायचं.

"ते फुकट. घोरण्यावर आम्ही सूट देतो."

ती हसायची. पण पाडापाडीचं नाव काढलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. कुणी म्हणालं, हे जुनं पाडून त्या जागी नवं, पर्यावरणाला जपणारं घर बांधू, की ती विचारायची, "या विटा भाजताना जो जाळ लागला तो कोण परत देणार? धूर वर गेला तो गेला. आता निदान त्या विटांकडून चांगलं काम तरी करून घ्या." घर उभं राहतं तेव्हाच त्याच्या हातून मोठं पाप होऊन जातं आणि पुढे शे-दीडशे वर्षं नीट उभं राहून ते फेडायचं असतं, असं तिचं मत होतं. मत जरा टोकाचं होतं, पण तिच्या तोंडून ऐकताना पटायचं. स्वतःच्या कामालाही ती हाच हिशेब लावायची. जी वस्तू तयार करतानाच इतकं इंधन जळतं की ते भरून यायला अर्धं आयुष्य जावं, ती वस्तू तिच्या गाडीत कधी चढायची नाही.

तर अशी ही बाई. तिच्या हातून एकदाच घोटाळा झाला आणि तो नेमका तिच्या सर्वांत आवडत्या घरात झाला.

ते घर ताईचं, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचं. पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत जाणाऱ्या एका गल्लीच्या टोकाला ते उभं होतं. विटांचं, अरुंद, खाली दोन खोल्या, वर दोन, मधून कुरकुरणारा लाकडी जिना. मेव्हणे गेल्यापासून ताई तिथे एकटी राहायची. दोघी लहान असताना एका खाटेवर झोपत, तेव्हा खिडकीकडची बाजू नेहमी ताईची असे. बाहेरून येणारं वारं आधी ताईच्या पाठीवर आदळायचं आणि उरलेलं, दमलेलं, धाकटीपर्यंत पोचायचं. थंडीत ताई खोकायची आणि धाकटी तिच्या पाठीआड गाढ झोपायची. मोठेपणी वारा अडवण्याचाच धंदा का धरला, असं कुणी विचारलं की गोधडीबाई काहीतरी भलतंच उत्तर द्यायची. खरं उत्तर ती खाट होती.

ताईच्या घरात वाऱ्याला नुसता ऊत आला होता. दारं वाजायची, जिन्यात शीळ घुमायची, मोरीच्या खिडकीतून झोत यायचा. दर थंडीत ताईचा खोकला बळावायचा आणि दर थंडीत तिचा मुलगा म्हणायचा, "आई, हे भूत विकून टाक आणि माझ्याकडे चल." तो शहराच्या दुसऱ्या टोकाला एका उंच इमारतीत बायको आणि छोट्या मुलीसह राहायचा. पोरगा वाईट नव्हता, फक्त सतत घाईत असायचा. घर घ्यायला एक माणूस टपून होता आणि तो ते पाडणार हेही ठरलेलं होतं. ताई "बघू" म्हणायची आणि बघायची नाही.

शेवटी भाच्याने मावशीलाच गाठलं. "मावशी, तूच समजाव. त्या घरात ती गारठून मरेल."

"मी ते घर उबदार करून देते," गोधडीबाई म्हणाली. "मग तर तिला तिथे राहू देशील?"

"उबदार झालं तर माझी काय हरकत आहे?"

तिने आयुष्यात इतक्या जिवापाड कुठलंही काम केलं नव्हतं. उत्तम लोकर आणली. खिडक्यांच्या चौकटी स्वतः घासून बसवल्या. भाऊजींनी चुन्याचा गिलावा असा केला की त्यावरून हात फिरवत राहावंसं वाटे. पहिल्या दिवशी ते म्हणाले होते, "वहिनी, चटई आणली नाही?"

"आपलंच घर आहे, भाऊजी. त्याला काय झोपून बघायचं? डोळे मिटून सांगते कुठे कुठे फट आहे."

भाऊजींनी खांदे उडवले. त्यांना कामाला लागायची घाई होती.

काम संपलं आणि पंखा लावला, तेव्हा कुठूनही साधी कुजबुज ऐकू आली नाही. एकही शिट्टी नाही. खाली, वर, जिन्यात, मोरीत, कुठेही जा, तीच ऊब, तीच शांतता. गल्लीतले आवाजसुद्धा बाहेरच राहिले. एवढं घट्ट घर झालं की आतल्या माणसाला ताजी हवा तर हवीच, म्हणून तिने माळ्यावर एक लहानसं यंत्र बसवलं होतं. जुनी हवा बाहेर जाता जाता आपली ऊब नव्या हवेला देऊन जायची आणि नवी हवा छतातल्या बारीक जाळ्यांतून आत झिरपायची. इतकी अलगद, की कुणाला कळूही नये. कळू नये हीच त्यातली खुबी. घरात एकही कोपरा दुसऱ्याहून वेगळा लागू नये, हे तिच्या धंद्यातलं स्वप्न होतं आणि ते तिला ताईच्या घरात साधलं.

ताई खालच्या खोलीच्या मधोमध उभी राहिली. "छान झालंय गं," ती म्हणाली. "कापसात ठेवल्यासारखं वाटतंय." मग तिने हात पुढे करून धाकटीचा चेहरा चाचपला, दोन्ही गाल, कपाळ, हनुवटी. गोधडीबाईला वाटलं, ताईला मायेचं भरतं आलं. तिलाही आलं.

त्यानंतरच्या बातम्या मात्र चांगल्या नव्हत्या. ताईचा खोकला गेला, पण ती कपाटाच्या दारावर आपटली. मग गॅसवर हात भाजला. मग जिन्यातल्या शेवटच्या दोन पायऱ्यांवरून घसरली, नशिबाने हाडं शाबूत राहिली. भाचा एकदा अवचित गेला तर आई एका खुर्चीत नुसती बसलेली, दिवेही लावलेले नाहीत, आणि तो आत आल्यावर ती कुणाशी तरी भलत्याशीच बोलल्यासारखी बोलली.

"मावशी, आईचं वय झालं," तो फोनवर म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच घाईत नव्हता. "घराचा काही दोष नाही. तू केलंस ते उत्तमच केलंस. पण तिचं डोकं आता चालत नाही नीट. रविवारी मी तिला घेऊन जातो. घराचं नंतर बघू."

घराचं नंतर काय बघणार ते गोधडीबाईला न सांगता कळलं. पण या वेळी तिला विटांचं वाईट वाटलं नाही. ताई खुर्चीत बसून राहते, एवढंच तिच्या डोक्यात फिरत राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती गेली. स्वच्छ ऊन पडलं होतं, पायऱ्या पांढऱ्या दिसत होत्या. पूर्वी ती फाटक ढकलून दोन पावलं टाकते न टाकते तोच ताई दार उघडून उभी असायची, त्यामुळे तिला त्या दाराची घंटा वाजवायची कधी वेळच आली नव्हती. आज तिला ती शोधावी लागली. आतून पावलं आली, सावकाश. दार उघडलं. ताई समोर उभी राहिली, हातभर अंतरावर, तोंडावर लख्ख ऊन.

"कोण आहे?" ताईने विचारलं.

ताईचे डोळे गोधडीबाईकडेच होते आणि तिच्याकडे नव्हते. कानाच्या जरा बाजूने ते पलीकडे कुठेतरी गेले होते.

"कोण आहे?" ताईने पुन्हा विचारलं, आणि मग नाक किंचित वर करून म्हणाली, "लोकरीचा वास येतोय. छोटी, तू होय. बोलत का नाहीस?"

आत जाताना ताईची चार बोटं भिंतीला लागलेली होती. एवढ्या सुंदर गिलाव्यावर बोटांचा एक मळकट पट्टा उमटला होता, दारापासून खुर्चीपर्यंत. गोधडीबाई त्या पट्ट्याकडे बघत राहिली.

"ताई, तुला दिसत नाही?"

"उजेड-अंधार कळतो," ताई म्हणाली. चोरी सापडल्यासारखी नाही, भाजीचा भाव सांगितल्यासारखी. "डॉक्टरकडे जाऊन आले होते एकटीच. गेलेली नजर परत येत नाही म्हणाले. बरा होता माणूस, उगाच आशा लावली नाही."

"पण तू तर चालायचीस. वर जायचीस, स्वयंपाक करायचीस, मी घंटा वाजवायच्या आत दार..."

"घर सांगायचं ना." ताईने हात हवेत फिरवला. "मोरीकडून वारं यायचं ते उजव्या घोट्याला लागलं की समजायचं, डावीकडे गॅस. जिन्याची पहिली पायरी आली की वरून मानेवर गार पडायचं. शेवटच्या पायरीला शीळ वाजायची. तू फाटक उघडलंस की दाराखालची हवा दबायची, आणि तुझं दबणं वेगळं, पोस्टमनचं वेगळं. आता सगळीकडे सारखंच आहे. पाण्यात बुडी मारल्यावर वर कुठलं, खाली कुठलं कळत नाही ना, तसं होतं."

गोधडीबाई खाली बसली. फरशीवरच बसली. जिच्या पाठीआड आपण लहानपणभर झोपलो, तिच्या घरात येऊन आपण आपल्या हातांनी, लोकर आणि रबर आणि चुना घेऊन, तिची उरलीसुरली दृष्टी बुजवून टाकली. एकही फट सोडली नाही. वर त्याचा अभिमान बाळगला. तिला इतकं रडू आलं की ते तिला आवरता येईना.

"मग बोलली का नाहीस गं?"

"इतक्या हौसेनं केलंस. आणि बोलले असते तर पोराने दुसऱ्याच दिवशी उचलून नेलं असतं. त्याच्या त्या उंच घरात मला दार कुठे आणि खिडकी कुठे तेसुद्धा कळत नाही." ताई जरा थांबली. "रडू नकोस. फरशी ओली होईल आणि मी पुन्हा घसरेन."

त्या दुपारी गोधडीबाईने गाडीतून चटई आणली.

दोघी शेजारी शेजारी पडल्या, खालच्या खोलीत, डोळे मिटून. गोधडीबाईने वाट पाहिली. पोटरीवर काही नाही, कपाळावर काही नाही. तिच्या आयुष्यात एवढी मुकी खोली तिला भेटली नव्हती. बरोबर होतं, तिनेच ती मुकी केली होती. मग शेजारून ताई बोलू लागली. मोरीचं वारं कसं होतं ते तिने सांगितलं. पावसाळ्यात ते ओलं आणि जड व्हायचं आणि घोट्यावरून सरकायचं. वरच्या खोलीत दोन वारी यायची, एक पहाटेचं आणि एक संध्याकाळचं, आणि ती दोघं कपाटापाशी भेटायची. खिडकीच्या कडेचं एक होतं ते अगदी बारीक, चावट, कानात शिरायचं. ताईचा आवाज मंद होत गेला. गोधडीबाईला झोप लागली असावी, कारण भिंती पुन्हा पातळ झाल्या. पण या वेळी ऊब बाहेर जाताना दिसली नाही. काळोखात बारीक बारीक प्रवाह दिसले, कुणी निळसर, कुणी करडा, जिन्यावरून उतरणारे, दारांच्या कडेने वळणारे, आणि त्यांच्या मधून ताई चालत होती, हात मोकळे सोडून, तरुणपणी चालायची तशी भरभर. गोधडीबाई तिच्यामागून जायला गेली आणि उंबऱ्याला अडखळली. जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं आणि ताई शांत घोरत होती.

भाऊजींना सांगितलं तेव्हा त्यांनी डोक्याची टोपी काढली. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा, वहिनी," ते म्हणाले.

"सगळं फोडायचं का?" मग त्यांनी विचारलं.

"फोडलं तर ती पुन्हा खोकणार, आणि तिचा मुलगा खोकल्यावरून नेणार. हवा आत येतेच आहे, भाऊजी. माळ्यावरच्या यंत्रातून रोज येते आहे. आपण ती लपवून ठेवली आहे. ती फक्त कळेल अशी सोडायची."

रविवार फार लांब नव्हता. भाऊजींनी काळजावर दगड ठेवून आपलाच गिलावा खोदला आणि भिंतींतून नळ्या खाली आणल्या. गोधडीबाई खडू घेऊन ताईच्या मागे मागे फिरली. ताई थांबून सांगायची, इथे घोट्याला, इथे मानेला, इथे कानाशी. आणि ती खूण करायची. पहिल्या दिवशी सगळ्या नळ्यांच्या तोंडांतून हवा सोडली तेव्हा ताईने चार पावलं टाकली आणि ती थबकली. "सगळी एकाच आवाजात बोलताहेत," ती म्हणाली. "कोण मोरी आणि कोण जिना?" खरंच होतं, यंत्रातून येणारी हवा एकाच उबेची, एकाच जोराची. जुनी वारी घराच्या वेगवेगळ्या बाजूंनी यायची, प्रत्येकाला स्वतःचं अंग होतं.

मग गोधडीबाईने प्रत्येक तोंड निराळं केलं. मोरीपाशी रुंद पट्टी ठेवली, म्हणजे हवा घोट्यावर पसरेल. जिन्याच्या वर नाण्याएवढं गोल भोक, त्यातून धार मानेवर येई. शेवटच्या पायरीपाशी लाकडाच्या दोन पट्ट्या एकमेकींच्या इतक्या जवळ बसवल्या की हवा त्यातून जाताना बारीक गुणगुणे. स्वयंपाकघराच्या दाराशी जाड विणीचं कापड ताणलं. ताई प्रत्येक ठिकाणी उभी राहायची, मान वाकडी करायची आणि म्हणायची, "थोडं कमी," किंवा "जरा खाली," किंवा नुसतंच "हं." भाऊजी शिडीवरून म्हणाले, "ताई, आपण बाजाच्या पेटीला सूर लावतोय की घराला?" तर ताई म्हणाली, "तुम्ही हातोडी धरा, सुराचं माझ्यावर सोडा."

राहिलं होतं पुढचं दार. तिथे नळी नेऊन उपयोग नव्हता. फाटक उघडल्यावर दबते ती बाहेरचीच हवा. गोधडीबाई गुडघ्यांवर बसली आणि दाराखालच्या रबरी पट्टीचा वीतभर तुकडा तिने सुरीने कापून काढला. गार रेघ लगेच आत आली. तेवढी ऊब आता कायम बाहेर जाणार होती. तिने आपल्या सवयीने मनात गणित मांडलं, आणि ते तिथेच सोडून दिलं. ज्या घरातून राहणारं माणूस उठून जातं ते घर पाडलं जातं, आणि पाडलेल्या घराची लोकर कितीही उत्तम असली तरी कुणाला ऊब देत नाही.

रविवारी भाचा आला. किल्ली त्याच्याकडे होतीच. हातात एक मोठी रिकामी बॅग होती, ती त्याने जिन्याखाली ठेवली. ताई वरून उतरत होती, कठड्याला हात न लावता. खाली येऊन ती सरळ स्वयंपाकघरात गेली, चहा ठेवला, कप आणले, एकही थेंब सांडला नाही, आणि खुर्चीत बसली. भाचा बघत राहिला. गोधडीबाई कोपऱ्यात श्वास रोखून बसली होती. ताईने तिला बजावून ठेवलं होतं की याला काही बोलायचं नाही.

"आई, तू तर ठणठणीत आहेस," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा इतका उजळला की त्याच्यावर राग धरणं कठीण होतं. "मी उगाच घाबरलो. मग राहा बाई तू इथेच. मावशी, मी शब्द मागे घेतो."

एवढ्यावर सगळं जिंकून झालं होतं. गोधडीबाईने रोखलेला श्वास सोडला. भाच्याने आनंदात खिशातून फोन काढला आणि आईसमोर धरला.

"हा फोटो बघ. कालच काढला. नाक अगदी तुझ्यासारखं आहे की नाही तुझ्या नातीचं?"

ताईने मान पुढे केली. "हो रे," ती म्हणाली. "अगदी माझ्यासारखंच."

किती सहज म्हणाली ती. गोधडीबाईला कळलं, हे वाक्य आजचं नव्हतं, वापरून वापरून गुळगुळीत झालेलं होतं. ताई तशीच वाकून राहिली. तिच्या घोट्याशी मोरीकडची पट्टी हवा सोडत होती, जिन्यात ते बारीक गुणगुणणं चाललं होतं. मग ती सरळ बसली.

"मला दिसत नाही," ताई म्हणाली.

"चष्मा आणू का?"

"चष्म्यानं नाही दिसायचं. मला दिसतच नाही, बाळा."

तो आधी हसला. मग त्याने मावशीकडे बघितलं आणि त्याचं हसू गेलं. "कधीपासून?"

"तुझ्या लग्नाआधीपासून. तेव्हा रंग दिसायचे. सुनेनं लाल नेसलं होतं एवढं कळलं. तिचा चेहरा मी पाहिलेला नाही. मुलीचाही नाही." ताईचा आवाज हलला नाही, पण हात मांडीवर एकमेकांना शोधत होते. "तुम्ही यायचात, फोटो दाखवायचात, मी हो म्हणायचे. मला घरात नीट चालताना बघून तुमचं समाधान व्हायचं. आता ठरव, न्यायचं का मला. पण एवढी एक गोष्ट लपवून इथे राहायचा मला कंटाळा आला."

भिंतीआडची फट पोटरीवर ओळखणाऱ्या गोधडीबाईला आपण इतक्या वर्षांत एकदाही बहिणीच्या डोळ्यांत नीट पाहिलं नाही याची लाज वाटली, आणि ती तिने लपवली नाही. ती तोंडात पदर धरून बसली.

भाचा उठला. तो बॅगेकडे जाईल असं दोघींना वाटलं. तो आईच्या शेजारी जमिनीवर येऊन बसला.

"नाही नेत," तो म्हणाला. "नाक खरं तर तुझ्यासारखं नाहीये, आई. जरा बसकं आहे. भुवया दाट आहेत. हसली की डाव्या गालाला खळी पडते, उजव्या नाही."

"आणि कान?" ताईने विचारलं.

त्याला आठवेना. मग त्याने फोन डोळ्यांजवळ नेला आणि आपल्या मुलीचे कान कसे आहेत ते तो बघू लागला.